७८ च्या तबकड्या: धुणं, सुई आणि नेमकी पट्टी

नूपुर:

नाट्यसंगीत आणि ख्यालाच्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) शंभरेक तबकड्या घरी आल्या आहेत. बहुतेक दहा इंची, एचएमव्ही आणि कोलंबिया, थोड्या ओडियन. सोबत काही एलपी (३३⅓ फेऱ्यांच्या व्हायनल तबकड्या). ठाण्यात तळमजल्यावर राहतो, त्यामुळे ओल आहेच. एकदाच, पण नीट डिजिटाइज करायचं आहे. त्याआधी तीन प्रश्न.

पहिला, बऱ्याच तबकड्यांवर आणि एलपींच्या कव्हरांवर पांढरे ठिपके आहेत. एलपीसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोलचं द्रावण आणून ठेवलंय. तेच ७८ ला चालेल का?

दुसरा, टर्नटेबलला ७८ चा वेग आहे, कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई. एलपी सुरेख वाजतात. ७८ लावली की खरखर प्रचंड आणि गाणं मात्र बोदं, कांबळं पांघरल्यासारखं.

तिसरा, हार्मोनियम घेऊन बसलं की काही तबकड्यांचा सा कुठल्याच पट्टीवर बसत नाही, दोन पट्ट्यांच्या मध्ये लोंबकळतो. दोष प्लेअरचा की तबकडीचा?

जुनीसुई:

अल्कोहोल ७८ च्या जवळपासही नेऊ नका. या तबकड्या लाखेच्या असतात. लाख, दगडाची बारीक पूड, काजळी आणि थोडे तंतू यांचं ते मिश्रण. सुतार चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून फर्निचरला पॉलिश करतो, तोच पदार्थ आणि तोच द्रावक. ओला बोळा फिरवलात की खाचेच्या कडा तिथेच विरघळायला लागतात आणि ते नुकसान भरून येत नाही. काचा पुसायच्या फवाऱ्यांतही बहुधा अल्कोहोल असतं, तेही नको.

आधी सगळा ढीग वेगळा करा. लाखेची तबकडी जड आणि ताठ असते, दहा इंची साधारण २०० ते २५० ग्रॅमची. व्हायनल हातात किंचित लवते. दहा इंची एलपीही निघत असत, तेव्हा नुसत्या आकारावर जाऊ नका. लेबलवर ३३⅓ लिहिलंय का ते पाहा.

७८ साठी द्रावण: एक लिटर डिस्टिल्ड पाणी आणि बेबी शाम्पूचे दोन-तीन थेंब. बस. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिमिनरलाइज्ड पाणी सीलबंद असेल तर तेही चालतं. नळाचं पाणी वाळलं की क्षार खाचेत राहतात. रिठ्याचं पाणी अनेकजण सुचवतात, पण त्यातला चोथा कितीही गाळला तरी थोडा उरतो, म्हणून मी ते सुचवणार नाही.

लेबल सांभाळा. लेबलचा व्यास साधारण आठ सेंटिमीटर असतो. त्याहून थोडी मोठी, कडेला मऊ रबर लावलेली प्लॅस्टिकची झाकणं दोन्ही बाजूंनी घट्ट दाबून धरली की पाणी आत जात नाही. लेबलचा रंग पाण्यात उतरतो. आणि एकदा आकडे पुसले गेले की ती तबकडी कुठली हे शोधायला फार त्रास होतो.

द्रावण तबकडीवर पसरा, अर्धा मिनिट थांबा. मग अगदी मऊ दातांच्या ब्रशने खाचेच्या दिशेने गोल फिरवा. आडवा घासू नका. खाचेतून करडा-काळा गाळ येईल: धूळ, जुन्या पोलादी सुयांचा चुरा, बुरशी (तुमचे पांढरे ठिपके). दुसऱ्यांदा नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने धुवा, मायक्रोफायबरने टिपून घ्या (पुसू नका) आणि भांड्यांच्या रॅकमध्ये उभी करून पंख्याखाली दोन तास ठेवा. उन्हात नको, लाख मऊ होऊन तबकडी वाकडी होते.

भिजत मात्र कधीही ठेवू नका. विशेषतः कोलंबियाच्या काही तबकड्या थरांच्या आहेत, मधल्या गाभ्याला कागद असतो. कडेला चीर असली की पाणी आत शिरतं आणि पापुद्रा सुटतो. अशा तबकडीला फक्त ओलसर फडकं.

चोरबाजार किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून आलेल्या तबकड्या संशयास्पद चकाकत असतील तर बहुधा तेल किंवा बुटाचं पॉलिश फिरवलेलं असतं. त्या दोन-तीनदा धुवाव्या लागतात. तेल गेल्यावर खाली राखाडी पट्टे दिसले तर ती झीज समजा. ती धुऊन जाणार नाही.

एलपीसाठी तुमचं द्रावण योग्य आहे. एक लिटरमध्ये १५० ते २०० मिलि आयसोप्रोपिल पुरे. बुरशी झटकताना मास्क लावा आणि काम गॅलरीत करा.

खटका:

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दोन भागांत आहे, खरखरीचं कारण वेगळं आणि बोदेपणाचं वेगळं.

खरखर सुईमुळे. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण ०.७ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) असते, म्हणजे १८ मायक्रॉन. ७८ ची खाच खूप रुंद, तिला सुमारे ३ मिल म्हणजे ७६ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची सुई त्या खाचेच्या तळाशी जाऊन लोळते. गाणं भिंतींवर कोरलेलं आहे, तळाशी नुसती माती. शिवाय सुई दोन्ही बाजूंना हिंदकळते. सुटकेसच्या आकाराच्या स्वस्त प्लेअरवर ७८ चं बटण असतं खरं, पण सुई एलपीचीच असते. तिथेही हेच होतं.

तुमचं नशीब चांगलं आहे. व्हीएम९५ मालिकेत कार्ट्रिज तेच ठेवून फक्त पुढची सुई बदलता येते. व्हीएमएन९५एसपी ही ७८ साठीची, ३ मिल, शंकूच्या टोकाची. जुनी पुढे ओढून काढायची, नवी बसवायची. वजन (खाचेवरचा सुईचा भार) मात्र २ ग्रॅमवरून ५ ग्रॅमवर न्यावं लागतं. बऱ्याच आर्मच्या (सुई धरणाऱ्या दांडीच्या) मोजपट्टीवर ४ पर्यंतच आकडे असतात. आकड्यांच्या पुढे अंदाजाने फिरवू नका, सुईचं वजन मोजायचा छोटा डिजिटल काटा घ्या. कमी वजनाने सुई उड्या मारते आणि खाच उलट जास्त झिजते. एलपी लावताना सुई आणि वजन दोन्ही परत बदलायचं. हे विसरून ५ ग्रॅमवर एलपी लावणं महागात पडतं.

बोदेपणा प्रीअँपमुळे, म्हणजे सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणाऱ्या यंत्रामुळे. फोनो प्रीअँपमध्ये आरआयएए वक्र असतो, तो १९५४ नंतर रूढ झाला. एलपी कापताना वरचे स्वर मुद्दाम वाढवलेले असतात आणि वाजवताना प्रीअँप ते खाली आणतो, १० किलोहर्ट्झला सुमारे १३.७ डेसिबल. भारतातल्या ७८ मध्ये ते वाढवलेले नसतात किंवा फार थोडे असतात. प्रीअँपला हे माहीत नाही, तो कापतोच. मग स, श, तबल्याची चाट, सगळं गायब. आरआयएए बंद करता येणारा प्रीअँप मिळाला तर उत्तम. नाही तर रेकॉर्ड केल्यावर सॉफ्टवेअरमध्ये आरआयएएचा उलटा वक्र लावा. मग विद्युत् ध्वनिमुद्रणाच्या (मायक्रोफोनवर गायलेल्या) तबकड्यांना २५० ते ३०० हर्ट्झखाली बेस वाढवा. १९२५ च्या आधीच्या, भोंग्यासमोर गायलेल्या तबकड्यांना तोही नको.

जुन्या तबकड्यांना सुरुवातीची रिकामी खाच अनेकदा नसते आणि शेवटची खाच आत वळलेली नसते. सुई हाताने ठेवा आणि गाणं संपताना हात जवळ असू द्या, नाही तर ती थेट लेबलवर घसरते.

दापोलीकर:

ओलीबद्दल थोडं. धुऊन वाळवलेली तबकडी परत त्याच जुन्या तपकिरी कागदी पिशवीत घातली की बुरशी परत येते, बीजाणू कागदातच असतात. नव्या आम्लरहित पिशव्या घ्या. जुन्या पिशव्यांवर दुकानांचे शिक्के आणि जाहिराती असतात, त्या फेकू नका, वाळवून वेगळ्या ठेवा आणि कुठली कुठल्या तबकडीची ते पेन्सिलीने लिहा. एलपीच्या बाहेरच्या पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या हव्यात. जाड, मऊ, वास येणारं पीव्हीसी वर्षानुवर्षं व्हायनलला चिकटून राहिलं की पृष्ठभागावर धुरकट डाग पडतात.

कोकणात, मुंबईत, ठाण्यात जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. तबकड्या ठेवायच्या पेटीत ती ५० च्या आसपास हवी. सिलिका जेल लोक लाकडी कपाटात ठेवतात आणि दोन दिवसांत ते गुलाबी पडलं म्हणून वैतागतात. हिशेब असा: ६० लिटरच्या पेटीतल्या हवेत जेमतेम दीड ग्रॅम बाष्प असतं, पण आतल्या कागदात आणि पुठ्ठ्यात वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास पाणी. पाच किलो कव्हरं म्हणजे अर्धा लिटर. १०० ग्रॅम जेल फार तर २०-३० ग्रॅम पाणी शोषतं. म्हणून कव्हरं आणि पिशव्या आधी मे महिन्यात किंवा डीह्युमिडिफायर लावलेल्या खोलीत वाळवून घ्यायच्या, मग रबरी कडा असलेल्या पेटीत बंद करायच्या. त्यानंतर पाव किलो जेल पावसाळाभर तग धरतं. रंग बदलला की १२० अंशांवर दोन तास ओव्हनमध्ये. पेटीत छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा.

डांबरगोळ्या नकोत, त्यांचा वाफारा प्लॅस्टिकला चांगला नाही. पेटी जमिनीपासून वीतभर वर, बाहेरच्या भिंतीला न टेकवता. तबकड्या उभ्या आणि दाटीने, पण दाबून नाही. दर १५-२० सेंटिमीटरला मध्ये उभी फळी घाला. पन्नास तबकड्या म्हणजे बारा किलो, पेटीचा तळ तेवढा मजबूत हवा.

नूपुर:

सगळ्यांचे मनापासून आभार. एसपी सुई आणि काटा मागवतो. पट्टीचं कोणी सांगेल का? वेग बदलायचा तर किती, आणि तो बरोबर आहे हे कळणार कसं?

पांढरीचार:

हा माझा सगळ्यात आवडता विषय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी प्लेअर निर्दोष आहे याची खात्री करा. स्ट्रोब चकती (वेग तपासायची रेघांची चकती) छापून घ्या. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ७८ साठी ७७ रेघांचं वर्तुळ लागतं. त्या स्थिर दिसल्या की वेग ७७.९२. एलपीसाठी १८० रेघा. चकती जुन्या पिवळ्या बल्बखाली किंवा निऑन टेस्टरच्या दिव्याखाली पाहा. बऱ्याच एलईडी दिव्यांना ती लुकलुक नसते, त्यामुळे रेघा दिसतच नाहीत. अमेरिकेसाठी छापलेली चकती ६० हर्ट्झची असते, तिने मोजलंत तर सगळंच चुकेल.

प्लेअर बरोबर असूनही सा मध्येच येतो, कारण '७८' हा आकडा सुरुवातीच्या काळात पाळलाच जात नव्हता. भारतात ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कोलकात्यात सुरू झालं. तिथपासून १९२० च्या दशकापर्यंत मेणाच्या मूळ तबकडीवर गाणं कोरणाऱ्या यंत्राचा वेग गावागणिक, दौऱ्यागणिक बदलायचा. ७४ ही सापडतो आणि ८० ही. ८० वर कापलेली तबकडी ७८ वर लावली की सुमारे ४४ सेंट (एका पट्टीचे शंभर सेंट) उतरते, जवळजवळ पाव स्वर. ७४ वर कापलेली ९१ सेंट चढते, जवळजवळ पूर्ण एक पट्टी. पुरुष गायकाचा आवाज बारीक आणि ताना अशक्य वेगाच्या वाटतात तेव्हा अनेकदा कारण हेच. विद्युत् ध्वनिमुद्रणाच्या काळात वेग बराच स्थिरावला, तरी तपासून पाहायला हवंच.

साथीला हार्मोनियम किंवा ऑर्गन आहे हे आपल्या नाट्यसंगीताचं भाग्य. स्थिर सुराचं वाद्य तबकडीवरच आहे. गाण्याआधीचा किंवा मधला एखादा लांब पेटीचा स्वर निवडा आणि सॉफ्टवेअरमध्ये त्याची वारंवारता मोजा. गायकाच्या स्वरावर मोजू नका, तिथे मींड आणि आंदोलन असतं.

समजा ७८ वर सा २८५ हर्ट्झ आला. काळी एक म्हणजे २७७.१८ आणि पांढरी दोन म्हणजे २९३.६६. सा काळी एकचा असेल तर खरा वेग ७८ × २७७.१८ ÷ २८५ = ७५.९. पांढरी दोनचा असेल तर ८०.४. दोन्ही शक्य आहेत, आता निवडायचं.

निवडताना मी हे पाहतो. त्याच तबकडीची दुसरी बाजू बहुधा त्याच बैठकीतली असते, म्हणून दोन्ही बाजूंचा वेग एकच असायला हवा. एका बाजूला ७५.९ आणि दुसऱ्या बाजूला ८०.४ घेऊनच पट्ट्या जुळत असतील तर कुठला तरी अंदाज चुकलाय. त्याच गायकाच्या जवळच्या क्रमांकांच्या तबकड्या शेजारी ठेवा, गायक पट्टी सहसा बदलत नाही. मग शब्द ऐका. च, ज, ळ हे उच्चार वेग चुकला की लगेच कानाला खटकतात. ळ तर फारच उपयोगी, चढवला की तो पातळ होतो. शेवटी तबला: बायाचा घुमारा उतरलेल्या वेगात ओढल्यासारखा लागतो.

एक काळजी घ्या. ४४० हर्ट्झचा आंतरराष्ट्रीय संकेत १९३९ चा. त्याआधीच्या हार्मोनियमच्या सुरांच्या पात्या (रीड) युरोपातून यायच्या आणि तिथे ४३५ पासून ४५२ पर्यंत सगळं चालायचं. ४३५ म्हणजे आजच्यापेक्षा वीस सेंट खाली. म्हणून वीस-पंचवीस सेंटांचा फरक दिसला तर ओढूनताणून आजच्या पट्टीवर आणू नका, ती पेटीच तशी असेल. आणि मोजणी सुरुवातीला व शेवटी अशी दोनदा करा. काही तबकड्यांत यंत्राचा वेग मुद्रण चालू असतानाच सरकलेला असतो.

सूर फेऱ्यागणिक हेलकावत असेल (७८ वर सेकंदाला १.३ वेळा) तर ती वेगाची तक्रार नाही, मधलं भोक झिजून तबकडी मध्यावर बसत नाहीये. आर्म डावी-उजवीकडे झुलताना दिसेल. तबकडी बोटाने मिलिमीटरभर सरकवत झुलणं कमीत कमी करा.

खटका:

प्लेअरला ७८ वेग नसलेल्यांसाठी जोड: ४५ वर वाजवून सॉफ्टवेअरमध्ये १.७३३ पट वेग वाढवता येतो. पण प्रीअँपचा आरआयएए तेव्हा चुकीच्या वारंवारतांवर लागलेला असतो. उलटा वक्र आधी लावायचा, वेग नंतर वाढवायचा. क्रम उलटा झाला तर आवाज कधीच सरळ होत नाही.

जुनीसुई:

रेकॉर्डिंगबद्दल माझा आग्रह आहे. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, शिखर −६ डेसिबलच्या खाली, आणि स्टीरिओ. तबकडी मोनो असली तरी स्टीरिओच घ्या. खाचेच्या दोन भिंती वेगवेगळ्या झिजतात. कधी दोन्ही चॅनल मिसळल्यावर सुईच्या वर-खाली हलण्याची खरखर कटते, कधी एकच भिंत घेतलेली जास्त स्वच्छ लागते. हा निर्णय नंतर करता येतो.

ही मूळ फाइल कधीही बदलू नका. टकटक काढणं, वक्र, वेग, सगळं तिच्या प्रतीवर. टकटक सर्वांत आधी काढा, कारण फिल्टर लावल्यावर टोकदार टकटक पसरट होते आणि सॉफ्टवेअरला ओळखता येत नाही. खरखर कमी करणाऱ्या फिल्टरचा हात मात्र अगदी हलका हवा. तो तंबोऱ्याची जवारी आणि गायकाचा श्वास खातो. थोडी खरखर राहिली तरी चालेल, गळ्यातली हवा राहू द्या.

पोलादी सुयांनी झिजलेल्या तबकड्यांना ३ मिलऐवजी २.५ किंवा ३.५ ची सुई कधी कधी चमत्कार करते, कारण ती भिंतीच्या न झिजलेल्या पट्ट्यावर बसते. आधी ३ ने शंभर तबकड्या करून घ्या, मग वाईट वाजणाऱ्या दहासाठी हा खर्च. आणि चावीचा ग्रामोफोन असेल तर या तबकड्या त्यावर लावू नका. त्याच्या साउंडबॉक्सचं ओझं शंभर ग्रॅमच्या वर असतं.

नोंदवही:

नावं आणि टॅग आत्ताच ठरवा, शंभर फाइली झाल्यावर फार जड जातं.

लेबलवरचा क्रमांक आणि लेबलच्या भोवती कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक (त्या मुद्रणाचा आकडा) वेगळे असतात. दोन्ही लिहा. एकाच लेबल क्रमांकाखाली वेगळा टेक (त्याच गाण्याचं दुसरं मुद्रण) निघालेला असू शकतो आणि तो फक्त कोरलेल्या आकड्यावरून कळतो. बॅटरी तिरकी धरली की आकडे वाचता येतात. लेबलांचा फोटो पिशवीतून बाहेर काढल्या काढल्या, धुण्याआधी.

नाट्यपदासाठी एकटा 'संगीतकार' हा रकाना पुरत नाही. 'मानापमान'चं पद असेल तर शब्द खाडिलकरांचे, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, गायक तिसराच. मी गीतकार, चाल, गायक, नाटक, राग आणि पट्टी असे सहा रकाने ठेवायला सांगेन. शेऱ्याच्या रकान्यात सुईचं माप, वापरलेला वेग आणि तो का निवडला हे. 'वेग ७५.९, सा काळी एक धरून' एवढं पुरे. उद्या कुणाला वेगळं वाटलं तर त्याला मूळ फाइलवरून परत करता येईल.

देवनागरीतली एक बारीक अडचण: तऱ्हा, दऱ्या यांतले 'ऱ्ह', 'ऱ्य' काही कीबोर्ड ऱ वापरून टाकतात, काही र आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना सारखेच दिसतात, पण शोधताना एक सापडतो, दुसरा नाही. सगळ्या फाइली एकाच कीबोर्डवरून भरा. अनुस्वाराचंही तेच, 'संगीत' की 'सङ्गीत' हे एकदा ठरवा. गाडीतल्या स्टीरिओवर नावांऐवजी चौकोन दिसत असतील तर एमपी३ चे टॅग आयडी३ २.३ मध्ये यूटीएफ-१६ करून पाहा. तरीही चौकोन आले तर त्या यंत्रात देवनागरी अक्षरंच नाहीत, तिथे रोमन नावांचा वेगळा संच करावा लागेल.

कुठल्या क्रमांकाची तबकडी कधीची हे अडलं तर मुंबईतल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या 'द रेकॉर्ड न्यूज'चे जुने अंक पाहा, त्यात गायकांच्या तबकड्यांच्या सूची आहेत.

नूपुर:

मॅट्रिक्स क्रमांक कोरलेला असतो हे माहीतच नव्हतं. आत्ता बॅटरी धरून पाहिलं, एकाच लेबल क्रमांकाच्या दोन तबकड्या आहेत आणि कोरलेले आकडे वेगळे आहेत. दोन्ही धुऊन वाजवतो आणि पट्ट्या मोजून इथे टाकतो.

पांढरीचार:

दोन्ही एकाच वेगाने, एकाच सुईने, मध्ये काहीही न बदलता रेकॉर्ड करा. टेक वेगळे असतील तर आलाप किंवा तानांच्या जागा बदललेल्या सापडतील. सा चे आकडे टाकताना हर्ट्झमध्ये टाका, नुसती पट्टी नको.